इजिप्त म्हणजे ‘अजपती’? शिलालेख उघडून पाहू

इजिप्तमधली स्थलनामे मुळात संस्कृत आहेत, असा एक संदेश मराठीत आणि हिंदीत बरीच वर्षे फिरतो आहे. रूपे अनेक, गाभा एकच. इजिप्त म्हणजे ‘अजपती’, रामाचे आजोबा अज यांच्यावरून पडलेले नाव. मिस्र म्हणजे मिश्र, नाईल म्हणजे नील, रामसेस म्हणजे राम. कर्नाक कर्णाचे, कैरो कौरवांचे. आणि इजिप्तचे लोक ज्या ‘पुंट’ देशाला देवाची भूमी म्हणत, ती आपली पुण्यभूमी. शेवटी ठरलेली ओळ येते: हे सगळे तिथल्या शिलालेखांत कोरलेले आहे, पाश्चात्त्यांनी ते दडवले.

शिलालेखांचे नाव घेतलेच आहे, तर मुद्दे एकेक करून शिलालेखांशीच ताडून पाहू. त्याआधी थोडे पद्धतीबद्दल, कारण पुढची सगळी उत्तरे तिच्यावरच उभी आहेत.

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, फक्त व्यंजने लिहीत. शब्दाच्या शेवटी, ज्याचा उच्चार करायचा नाही असे एक निर्धारक चिन्ह येते. त्यावरून शब्द कोणत्या जातीचा आहे ते कळते. वर्तुळात फुलीसारखे रस्ते असतील तर ते इजिप्तमधले गाव किंवा प्रदेश. तीन डोंगर असतील तर वाळवंट किंवा परका देश. पाण्याचा पाट असेल तर नदी, कालवा, जलाशय. म्हणजे एखादे नाव गावाचे, नदीचे की परमुलखाचे, हा प्रश्न बहुतेक वेळा त्या काळच्या लेखनिकानेच सोडवून ठेवलेला असतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला या चिन्हांचा पत्ताच नसतो.

त्यानंतर साखळी जुळवायची. उदाहरण म्हणून अस्वान घ्या. चित्रलिपीत स-व-न-व अशी व्यंजने, ग्रीकमध्ये सिएने, कॉप्टिकमध्ये सुआन, अरबीत अस्वान. कॉप्टिक ही इजिप्शियन भाषेचीच शेवटची अवस्था. ती ग्रीक वळणाच्या अक्षरांत लिहितात, त्यामुळे तिच्यात स्वर मिळतात. अरबी शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने एकत्र येत नाहीत, म्हणून आधी एक स्वर जोडला जातो: कॉप्टिक स्ने, अरबी इस्ना, कॉप्टिक श्मिन किंवा ख्मिम, अरबी अखमिम. एकच बदल अनेक नावांत सारखाच दिसतो, म्हणूनच त्याला नियम म्हणायचे. कॉप्टिक फियोम आणि अरबी फय्यूम यांच्या मागे ‘पा-यम’ म्हणजे ‘तो जलाशय’ उभा आहे, आणि तिथे कारून सरोवर आजही आहे.

उच्चार जुळला तरी जागा जुळावी लागते. त्यासाठी याद्या आणि अंतरे आहेत. २०व्या राजवंशाच्या (इजिप्तचे राजे अशा क्रमांकित घराण्यांत मोजतात) अखेरीस रचलेल्या आमेनोपेच्या नामावलीत सुमारे ६१० नोंदी आहेत आणि तिच्यातली गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाने येतात. अज्ञात गाव दोन ज्ञात गावांच्या मध्ये आले की शोधाचा पट्टा आपोआप आवळतो. सेनुस्रेत पहिल्याच्या कर्नाक येथील श्वेत देवडीवर देशाची लांबीच कोरली आहे: अस्वानजवळच्या एलिफंटिनी बेटापासून पेर-हापीपर्यंत ८६ इतेरू, तिथून उत्तरेच्या बेहदेतपर्यंत आणखी २०. एक इतेरू म्हणजे २०,००० हात, साधारण १०.५ किलोमीटर. १०६ इतेरूंचे होतात सुमारे १,११० किलोमीटर. अस्वानपासून समुद्राकाठापर्यंत नदीची वळणे धरून मोजले, तर हा आकडा मुळीच अवास्तव वाटत नाही.

आता मुद्दे.

‘इजिप्त म्हणजे अजपती’

इजिप्तच्या लोकांनी आपल्या देशाला इजिप्त कधी म्हटलेच नाही. ते म्हणत ‘केमेत’, काळी भूमी. पुराने आणलेल्या गाळाची ती काळी जमीन. कॉप्टिकमध्ये तेच ‘केमे’ झाले. दुसरे नाव ‘तावी’, दोन भूमी. हजारो लेखांत ही नावे आहेत. अजावरून देशाचे नाव पडले असेल, तर ते देशवासीयांनाच कसे कळले नाही?

‘इजिप्त’ हे ग्रीक ‘आयगुप्तोस’वरून आले. त्याच्या मागे मेम्फिसमधल्या प्ताह देवाच्या मंदिराचे नाव आहे: हुत-का-प्ताह, ‘प्ताहच्या का-तत्त्वाचे (म्हणजे प्राणशक्तीचे) निवासस्थान’. आधी मंदिराचे नाव, मग त्या शहराचे, मग परक्यांच्या तोंडी सगळ्या देशाचे. पुरावा सलग मिळतो. १८८७ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांत, म्हणजे परदेशी राजांशी आणि मांडलिकांशी झालेल्या पत्रव्यवहारात, आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लोसहून आलेली पत्रे आहेत. त्यांत हे नाव अक्कदी कीलाकार लिपीत ‘हिकुप्ताह’ असे लिहिले आहे, काळ इ.स.पू. १४वे शतक. क्रीट बेटावरच्या क्नोसोस येथील लिनिअर बी (ग्रीक भाषेची सर्वांत जुनी लिपी) पाटीवर ‘ऐकुपितियो’ हे एका माणसाचे नाव आहे, म्हणजे ‘इजिप्तवाला’.

यात एक सोपी कसोटी आहे आणि ती सगळ्याच स्थलनामांना लावता येते. व्युत्पत्ती खरी असेल, तर काळात मागे जाल तसे साम्य वाढत जाते. आयगुप्तोस, ऐकुपितियो, हिकुप्ताह, हुत-का-प्ताह: प्रत्येक पायरीला मूळ जवळ येते, शेवटचा ‘ह’सुद्धा परत मिळतो. ‘अजपती’चे नेमके उलटे होते. त्यातला ‘ज’ जुळतो तो फक्त आजच्या इंग्रजी उच्चाराशी. ग्रीकमध्ये तिथे ‘ग’ आहे, अमार्नाच्या पाट्यांवर ‘क’ आहे. ‘ज’ हा युरोपात मध्ययुगाच्या आसपास आलेला उच्चार, आणि त्याच्यावर रामाच्या आजोबांना बसवले आहे.

मेम्फिसचेही असेच झाले. सक्कारा येथील पेपी पहिल्याच्या पिरॅमिडचे नाव ‘मेन-नेफर-पेपी’. शेजारच्या वस्तीला तेच चिकटले, कॉप्टिकमध्ये ‘मेन्फे’ झाले, ग्रीकमध्ये मेम्फिस. इजिप्तमध्ये बांधकामाचे नाव गावाला पडणे ही नित्याची गोष्ट होती. ही रीत ठाऊक असेल तर हुत-का-प्ताहचे नवल वाटत नाही.

‘मिस्र म्हणजे मिश्र’

हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आहे. अमार्नाच्या पत्रांत ‘मिस्री’, हिब्रूत ‘मित्स्रायिम’, सीरियाच्या किनाऱ्यावरच्या युगारितच्या लेखांत म-स-र-म, अरबीत मिस्र. सगळ्या सेमिटिक भाषा, आणि त्या सगळ्यांत मधला वर्ण घशावर जोर देऊन उच्चारायचा ‘स’, अरबीतला ‘साद’. संस्कृत ‘श्र’शी त्याचा संबंध नाही. यापेक्षा जास्त लिहावे असे या मुद्द्यात काही नाही.

‘नाईल म्हणजे नील’

इजिप्शियन लेखांत नदीचे नाव ‘इतेरू’ आहे, अर्थ नुसता ‘नदी’. वर सांगितलेले अंतराचे माप याच शब्दावरून आले. पुराच्या पाण्याला आणि त्याच्या देवतेला ‘हापी’ म्हणत. ‘नील’सारखे नाव कोणत्याही राजवंशाच्या लेखात नदीसाठी येत नाही. ‘नेइलोस’ ग्रीकांचे. त्याची व्युत्पत्ती अभ्यासकांत वादग्रस्त आहे, पण ग्रीकांतही ते नाव पहिल्यापासून पक्के नव्हते: होमरच्या ओडिसीत नदीलाच ‘आयगुप्तोस’ म्हटले आहे, नेइलोस हे नाव हेसिओडकडे येते.

या कल्पनेचा जन्म मात्र सांगण्यासारखा आहे, कारण तो कागदोपत्री सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले फ्रान्सिस विल्फर्ड यांनी १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात एक लांबलचक निबंध छापला. पुराणांत नाईलचे आणि तिच्या उगमाचे वर्णन आहे, असा त्यांचा दावा. त्या वेळी चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियॉनने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे इजिप्तच्या बाजूचा एकही लेख न वाचता हे जुळवलेले होते. पुढे विल्फर्ड यांच्याच लक्षात आले, की त्यांच्यासाठी उतारे काढणाऱ्या पंडिताने साहेबाला हवे ते शब्द पोथ्यांत घुसडले होते, काही ठिकाणी श्लोकच नवे रचले होते. १८०५ मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात हे जाहीरपणे कबूल केले. तरी निबंधाचे आयुष्य संपले नाही: नाईलचा उगम शोधणारे स्पेक १८६३ च्या आपल्या प्रवासग्रंथात विल्फर्ड यांच्या नकाशाचा उल्लेख करतात. आज ‘पुराणांत नाईलचा उल्लेख आहे’ म्हणून जे पुढे ढकलले जाते, त्यातले बरेच याच मागे घेतलेल्या निबंधाचे उष्टे आहे. पाश्चात्त्यांनी दडवलेले म्हणून जे मिरवतात, ते एका पाश्चात्त्यानेच छापले आणि त्यानेच मागे घेतले.

‘रामसेस म्हणजे राम’

शब्द चुकीच्या सांध्यावर तोडला आहे. नाव असे: रा + मस + सु, ‘रा देवाने त्याला जन्म दिला’. ‘मस’ हाच घटक थुतमोसे आणि अहमोसे या नावांत आहे. तिथे तोडून कोणते दैवत काढणार? स्वर कोणते होते तेही माहीत आहे. रामसेस दुसऱ्याचा आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाशी पत्रव्यवहार होता आणि इ.स.पू. १२५९ च्या सुमारास तह झाला. हित्तींच्या राजधानीत सापडलेल्या कीलाकार पाट्यांवर त्याचे नाव ‘रिआमशेशा’ असे आहे. पहिला घटक ‘रिआ’, ‘राम’ नव्हे. त्याआधीच्या अमार्नाच्या पत्रांत आमेनहोतेप तिसऱ्याचे राजनाम नेब-मात-रे हे ‘निम्मुरिया’ असे येते. तिथेही सूर्यदेव ‘रिया’च.

या राजाच्या नावाचे शहर म्हणजे पी-रामसेस. स्थलनामांच्या शोधात कुठे घसरायला होते ते शिकायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात तानिस येथे रामसेस दुसऱ्याच्या नावाचे पुतळे, ओबेलिस्क आणि शिळा ढिगाने पडल्या होत्या. १९२९ पासून तिथे खोदणाऱ्या पिएर मोंते यांनी हेच पी-रामसेस असे मानले. लेख खरे, राजा खरा, तरी जागा चुकीची. कारण शिळा तिथे नंतर आणल्या होत्या. तानिसच्या थरांत रामसेसच्या काळाची वस्तीच मिळत नाही; पुतळे आणि ओबेलिस्क २१व्या राजवंशापासून पुढच्या बांधकामात पुन्हा वापरलेले.

खरे शहर सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला, कांतिर गावाच्या शेतांखाली निघाले. महमूद हमझा यांना १९२८ मध्ये तिथे राजवाड्याच्या रंगीत चकाकीच्या फरश्या मिळाल्या होत्या. लबीब हबाची यांनी जागेवरचेच लेख गोळा करून हीच राजधानी असल्याचे मांडले. पुढे मान्फ्रेड बिएताक यांनी शेजारच्या तेल एल-दाबा येथे, आणि एडगर पुश यांनी कांतिर येथेच उत्खनन केले: पागा, धातूच्या भट्ट्या, रथांचे भाग. जमीन न खणता चुंबकीय मोजणीने गल्ल्या आणि भिंतींचा आराखडाही उतरवला गेला. शहर का सोडले तेही कळले. ते ज्या पेलुसियाक फाट्यावर होते तो गाळाने भरत गेला, बंदर निकामी झाले, आणि नव्या राजधानीसाठी जुनीचे दगड वाहून नेले.

म्हणून नोंद करताना प्रत्येक लेखापुढे तीन गोष्टी हव्यात: तो कुठे सापडला, मूळ जागीच होता की पुनर्वापरात, आणि त्या थराचा काळ कोणता. वर आलेली श्वेत देवडीसुद्धा आमेनहोतेप तिसऱ्याच्या तोरणाच्या पोटात भराव म्हणून घातलेली होती; ती सुटी करून पुन्हा उभारली. दगड हलतात. त्यांच्यावरची नावे त्यांच्याबरोबर हलतात. फॉरवर्डमध्ये एकाही लेखाचे सापडण्याचे ठिकाण नसते, त्यामुळे त्याची तपासणी करायलाच काही उरत नाही.

‘कर्नाक कर्णाचे, कैरो कौरवांचे’

कैरो म्हणजे अल-काहिरा, ‘विजयिनी’. फातिमी सेनापती जौहरने इ.स. ९६९ मध्ये वसवलेले शहर. त्याआधी हे नाव नाही. कर्नाक हे देवळाशेजारच्या खेड्याचे अरबी काळातले नाव. देवळाच्या भिंतींवर हजारदा कोरलेले नाव ‘इपेत-सुत’ आहे, शहराचे ‘वासेत’. लोक वासेतला नुसते ‘निउत’, म्हणजे ‘शहर’, असेही म्हणत. तेच हिब्रूत ‘नो’ आणि असिरियन लेखांत ‘नि’ झाले. शेजारचे लुक्सर अरबी अल-उक्सुर, ‘वाडे’. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची अरबी नावे घेऊन महाभारत गाठायचे, तर मधली दोन-तीन हजार वर्षे उडी मारूनच पार करावी लागतात.

स्वर हवे तसे घ्या, व्यंजने थोडी इकडेतिकडे करा, अर्थ जुळायची अट सोडा, मग काहीही निघते. अस्वान म्हणजे अश्ववन, इस्ना म्हणजे उष्णा, गिझा म्हणजे गिरिजा. ही तीन नावे आत्ताच, मिनिटभरात बनवली. फॉरवर्डमधल्या नावांइतकीच ती ‘सिद्ध’ आहेत.

‘पुंट म्हणजे भारत’

हा त्यातल्या त्यात गंभीरपणे घ्यावा असा मुद्दा. पुंटला खरोखरच ‘ता-नेचेर’, देवाची भूमी, म्हटलेले आहे, तिथून धूप, ऊद, सोने, आबनूस, माकडे आणत, जहाजाने जात. नेमकी हद्द कुठवर, यावर अजून वाद होतात. पण वाद आहे तो तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाच्या आसपासचा: सुदानचा पूर्व भाग, एरिट्रिया, इथिओपिया, सोमालिया, फार तर पलीकडचे येमेन. भारत त्या यादीत का नाही, याची कारणे लेखांतच आहेत.

थुतमोसे तिसऱ्याने कर्नाक येथे जिंकलेल्या आणि ज्ञात मुलखांच्या याद्या कोरल्या. उत्तरेकडची यादी वेगळी, दक्षिणेकडची वेगळी. पुंट दक्षिणेच्या यादीत, कुश, वावात, इरेम, मेजा या आफ्रिकी मुलखांच्या रांगेत आहे. हतशेपसुतच्या देर एल-बहरी येथील शिल्पांत, तिच्या ९व्या वर्षीच्या मोहिमेनंतर, पुंटचे सरदार इरेमच्या सरदारांबरोबर राणीसमोर गुडघे टेकून बसलेले आहेत. तिथेच पुंटचा राजा पारेहू आणि त्याची पत्नी अती, खांबांवर उभारलेली झोपडी, ताडासारखी दूम झाडे, जिराफ आणि हमाद्रियास बबून कोरलेले आहेत. जिराफ आणि हे बबून भारतात नाहीत. २६व्या राजवंशाच्या दाफ्ने येथील शिलालेखात पुंटच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाचा आणि नाईलच्या पुराचा संबंध जोडला आहे. सह्याद्रीवरच्या पावसाने नाईलला पूर येत नाही. इथिओपियाच्या पठारावरच्या येतो.

जहाजे कुठून सुटत तेही सापडले आहे. तांबड्या समुद्रावर वादी गवासिस येथे १९७६–७७ मध्ये अब्देल मोनेम सय्यद यांनी आणि २००१ पासून कॅथरिन बार्ड व रोदोल्फो फत्तोविच यांनी उत्खनन केले. खडकात कोरलेल्या गुहांत जहाजांच्या फळ्या आणि गुंडाळून ठेवलेले दोरखंड जसेच्या तसे मिळाले, आणि मालाच्या पेट्यांवर आमेनेमहात चौथ्याच्या ८व्या वर्षाची ‘पुंटच्या नवलाई’ची नोंद. जहाजे नाईलकाठी कोप्तोस, म्हणजे आजच्या किफ्त येथे बांधून, सुटी करून वाळवंटातून इथवर आणत, हे इथल्याच एका शिलालेखात वजीर अंतेफोकेरच्या नावाने लिहिले आहे. लेखांपलीकडचा पुरावाही त्याच दिशेचा. ममी केलेल्या बबूनांच्या समस्थानिकांची २०२० मध्ये आणि डीएनएची २०२३ मध्ये तपासणी झाली. दुसऱ्या तपासणीत धागा एरिट्रियाच्या किनारपट्टीपर्यंत गेला.

‘पाश्चात्त्यांनी दडवले’

भारतीय वळणाची नावे दडवायची असती, तर अमार्नाच्या पत्रांतली आधी दडवावी लागली असती. उत्तर सीरियाच्या बाजूच्या मितान्नी राज्याचा राजा तुश्रत्त आणि सीरियातला सरदार बिरिदश्व ही नावे इंडो-आर्य आहेत असे अभ्यासकच सांगतात, पाठ्यपुस्तकांत छापतात. मितान्नी आणि हित्ती यांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची साक्ष काढली आहे. तेही उघड आहे. ती मान्य झाली, कारण वर्ण नियमाने जुळतात, चार-चार देवता एकाच ओळीत वेदातल्याच जोडीने येतात, आणि काळ-जागा ठरलेली आहे. त्याच कसोटीवर अजपती नापास होतो.

परक्या देशांची नावे लिहायला इजिप्तचे लेखनिक चांगलेच सरावलेले होते. आमेनहोतेप तिसऱ्याच्या कोम एल-हेतान येथील पुतळ्याच्या बैठकीवर क्नोसोस, अम्निसोस, फाइस्तोस, मायसिनी ही ग्रीक गावे इतक्या नेटकेपणे लिहिली आहेत, की ओळखायला अडचण पडली नाही. भारताचे नावही चित्रलिपीत आहे. फक्त ते हवे त्या जागी नाही. इराणचा सम्राट दारियस पहिला याने इ.स.पू. ५००च्या आसपास इजिप्तमध्ये घडवलेला एक पुतळा १९७२ मध्ये इराणमधल्या सूसा येथे सापडला. बैठकीवर साम्राज्यातल्या २४ मुलखांची नावे लंबगोल चौकटींत आहेत, प्रत्येकीवर गुडघे टेकलेला माणूस. त्यांतले एक ह-न-द या व्यंजनांनी लिहिलेले: सिंधूकाठचा प्रांत, इराणी उच्चाराने हिंदुश. इजिप्तच्या लेखनिकाने ते परका मुलूख म्हणून, इराण्यांकडून ऐकून लिहिले.

त्यानंतर रोमन काळात थेट व्यापार वाढला, आणि मग भारताच्या खुणा ढिगाने मिळतात. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सेरापिस देवाच्या मंदिरात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली. इमारतींत सागवान वापरलेला. त्याच किनाऱ्यावरच्या कुसेर अल-कदीम येथे खापरांवर तमिळ-ब्राह्मी अक्षरे. बेरेनिकेतच बुद्धमूर्ती, आणि फिलिप द अरब या रोमन सम्राटाच्या काळातला संस्कृत लेख. व्यापाराची दुसरी बाजू आपल्याकडे आहे: नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या लेखात भरुकच्छ आणि शोर्पारग ही नावे कोरलेली आहेत, आणि तीच बंदरे इजिप्तमधल्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी मार्गदर्शिकेत बारिगाझा आणि सुप्पारा म्हणून येतात. भडोच आणि नालासोपारा अशी ती आजही नकाशावर आहेत.